दुखणारी दाढ दुधाची की कायमची?

ए-१०२ ताई: धाकट्याची खालची मागची दाढ काल रातच्यापासून दुखायलीय. सात वर्षांचा आहे. लवंगेचं तेल लावलंय. दुधाचीच दाढ, पडंलच की आता?

बी-२०३ काकू: पडंल की. आमच्या लेकरांचे सगळे किडके होते, पडले अन् नवे आले.

मी: ताई, थांबा. आधी मोजा. पुढच्या दोन दातांच्या मधल्या फटीपासून मागं मोजत जा, पडलेल्याची जागाही धरा. पाचपर्यंत दुधाच्या दातांच्या जागा. सहावी असंल तर ती कायमची दाढ!

ए-१०२ ताई: सहावीच आहे ओ. पण तिथला दात तर कधी पडलाच नव्हता!

मी: म्हणूनच फसतो आपण. ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागं गुपचूप येते, तिच्यासाठी कुठला दात पडत नाही. माझ्या थोरलीची अशीच गेली. टॉर्च लावून बघितलं तेव्हा खसखशीएवढा काळा ठिपका होता. मी म्हणाले, दुधाचीच आहे. पुढं गाल सुजला, रात्र रात्र रडली, शेवटी काढावी लागली. आज बारा वर्षांची आहे, अजून त्या बाजूनं भाकरी चावत नाही. मला ते बघवत नाही.

सी-४०१ आजोबा: दाढेला हात लावला की नजर जाते म्हणतात. लेकराला नेऊ नका.

मी: आजोबा, नजरेची नस वेगळी, दाताची वेगळी. उलट वरच्या दाढेत पू साचू दिला तर सूज डोळ्यापर्यंत चढते. अन् वेळेत गेलं तर बहुतेकदा काढायची वेळच येत नाही, भरून भागतं.

बी-२०३ काकू: मग दुधाच्या किडल्या तर सोडायच्या ना?

मी: नाही काकू. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. लवकर गेल्या की शेजारचे दात सरकतात, नव्याला जागा उरत नाही, तो वाकडा येतो.

ए-१०२ ताई: कुठं नेऊ?

मी: आपल्या संभाजीनगरच्या घाटी दवाखान्याच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात. सकाळी लवकर निघू, मी येते सोबत. लवंगेचं तेल हिरडीला लागू देऊ नका, भाजतं. अन् आज रात्री ब्रश तुम्ही स्वतः करून द्या, त्याच्या हातानं मागपर्यंत पोचत नाही. पेस्ट वाटाण्याएवढीच.

ए-१०२ ताई: आठ वाजता गेटवर येते.