नर्स की आया, हे आधी ठरवावे
घरच्या आजी-आजोबांच्या देखभालीसाठी ब्युरोकडून (अशी माणसे पुरवणाऱ्या संस्थेकडून) कोणाला नेमताना दर आणि पोलीस पडताळणी यांविषयी ज्या सूचना दिल्या जातात, त्या रास्तच आहेत. त्यांत थोडी भर घालतो. ब्युरोकडून ‘नर्स’ म्हणून येणारी व्यक्ती प्रत्यक्षात प्रशिक्षण न घेतलेली असू शकते, त्यामुळे नाकातील नळीतून अन्न देणे किंवा इन्सुलिन टोचणे अशी कामे असतील, तर एएनएम वा जीएनएम (परिचर्येचे म्हणजे नर्सिंगचे अभ्यासक्रम) पात्रता आणि परिचर्या परिषदेची नोंदणी स्वतः पाहावी. आंघोळ, जेवण आणि सोबत एवढीच गरज असल्यास अनुभवी, मायाळू मावशी पुरतात. मात्र आजी-आजोबांना विचारल्याशिवाय त्यांनाही नेमू नये, हे मला फार महत्त्वाचे वाटते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर २ तासांनी बदलली नाही, तर शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने त्वचेवर होणाऱ्या जखमा) होण्याचा धोका असतो, म्हणून ती कशी बदलणार हे पहिल्याच दिवशी करून दाखवायला सांगावे. रजेच्या दिवशी बदली कोण येणार, हेही लेखी घ्यावे.