बीओडीच्या गणितात थीटा कोणता घ्यायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गेट परीक्षेची (इंजिनिअरिंगची) तयारी चालू आहे, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसतो. अप्पा बळवंत चौकातून सेकंडहँड घेतलेल्या दोन पुस्तकांनी डोकं खाल्लंय.

गणित बीओडीचं आहे, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचं. ते असं: सांडपाण्याचा 6 मिली नमुना 300 मिलीच्या बाटलीत. डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) सुरुवातीला 8.2, 20 अंशांवर पाच दिवसांनी 4.4 मिग्रॅ/लिटर. सीडिंग (बाहेरून जीवाणू घालणं) नाही. म्हणजे 3.8 गुणिले 50 (300 भागिले 6), बीओडी 190. इथपर्यंत सरळ आहे. पुढे विचारलंय, 27 अंशांवर तीन दिवसांचा बीओडी किती? (आपल्याकडे लॅबमध्ये हीच पद्धत चालते, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.)

20 अंशांचा के (घाण कुजण्याच्या वेगाचा स्थिरांक) 0.23 प्रतिदिन, बेस ई. अल्टिमेट बीओडी (सगळी घाण कुजेपर्यंतचा एकूण) 278 आला. आता के 27 अंशांवर न्यायचा तर एक पुस्तक थीटा (तापमानानुसार के बदलायचा गुणक) 1.047 घेतं, उत्तर 171. दुसरं म्हणतं 20 ते 30 अंशांसाठी 1.056, मग 177.

पेपरात थीटा दिलेला नसेल तर तुम्ही कोणता धरता? आणि 1.056 नेमका कुठून आला, हे कुणी जरा उलगडून सांगेल का? नुसतं ‘1.047 पाठ कर’ नको, ते क्लासवाल्यांनी सांगून झालंय.