फाईल सापडत नाही तेव्हा तुम्ही कशात शोधता? (अनुभव धागा)

धागाकर्ता, जळगाव

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात येणाऱ्या बऱ्याच जणांचं मशीन धडधाकट असतं, फाईल तेवढी सापडत नसते. डाउनलोड्सचा उकिरडा झालेला, डी ड्राइव्हवर 'न्यू फोल्डर', त्याच्या पोटात आणखी एक 'न्यू फोल्डर'. तुम्ही शोधायला काय वापरता, कुठे जमलं, कुठे अडलं ते लिहा. नुसतं 'अमुक बेस्ट' नको.

सुरुवात मी करतो. नाव थोडंफार आठवत असेल तर एव्हरीथिंग नावाचं विंडोजवरचं शोधायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, अगदी छोटं आहे. एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या मांडणीच्या डिस्कवर सगळ्या फायलींच्या नावांची खतावणी विंडोजने आधीच ठेवलेली असते, तिला मास्टर फाईल टेबल म्हणतात. एव्हरीथिंग फोल्डर न् फोल्डर हिंडत बसत नाही, सरळ ती खतावणी वाचतं. म्हणून दहा लाख फायलींची यादी मिनिटभरात होते आणि पुढचे बदल डिस्कच्या चेंज जर्नलमधून, म्हणजे बदलांच्या नोंदवहीतून, आपोआप कळत राहतात. नावाचा मधला तुकडा दिला तरी चालतं. 'जळगाव' की 'जळगांव' हा घोळ असेल तर नुसतं 'जळग' टाका, दोन्ही येतात. विंडोजचा स्वतःचा शोध शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतो, तिथे मधला तुकडा बहुधा वाया जातो.

मर्यादा दोन. फायलीच्या आतला मजकूर शोधायची सोय आहे, पण १.४ आवृत्तीत त्याची सूची, म्हणजे आधीच करून ठेवलेली शब्दांची यादी, नसते. दरवेळी एकेक फाईल उघडून बघतं, त्यामुळे रखडतं. आणि पेनड्राइव्ह सहसा फॅट ३२ किंवा एक्सफॅट अशा दुसऱ्या मांडणीचा असतो, तो आपण फोल्डर म्हणून हाताने जोडावा लागतो.

नंदुरबार, शिक्षिका

मी वेगळं काही टाकलेलं नाही. विंडोजचा शोध डी ड्राइव्हमधलं काही दाखवत नाही अशी आमच्या शाळेत सगळ्यांची ओरड होती. तो मुळात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरावीक जागांचीच सूची करतो. सेटिंग्जमध्ये 'सर्चिंग विंडोज'मध्ये क्लासिकऐवजी एनहान्स्ड, म्हणजे सगळ्या मशीनची सूची, निवडलं, रात्रभर लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवला, झालं. वर्ड फायलीतलं वाक्यसुद्धा सापडतं. माझं भागतं.

अमळनेर, छपाईवाला

लग्नसराईत गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, 'मोठ्या भावाची पत्रिका तुमच्याकडेच केली होती, तीच काढा, नावं तेवढी बदला.' साल आठवत नाही, डिझाइन आठवतं! कोरल आणि पेजमेकर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फायलींचा ढीग आहे. पेजमेकरच्या ६.५ आवृत्तीच्या फायली वेगळ्या एक्सटेन्शनच्या (नावामागची टिंबानंतरची शेपटी), ७ च्या वेगळ्या. एव्हरीथिंगमध्ये एक्सटेन्शन आणि आडनाव मध्ये स्पेस देऊन टाकतो, दोन्ही असलेल्याच फायली उरतात. मग तारखेच्या रकान्यावर क्लिक.

खरी डोकेदुखी मजकुराची. आमचा जुना मजकूर श्रीलिपी नाहीतर कृतिदेव या युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. पडद्यावर 'चि. सौ. कां.' दिसतं, फायलीत मात्र इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं यांची खिचडी साठवलेली. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या नेहमीच्या मराठी टायपिंगमध्ये, 'पाटील' टाइप करून शोधा, कोणतंही टूल 'शून्य' म्हणणार. त्यात टूलचा दोष नाही.

आमचा जुगाड असा. वर्डमध्ये तोच फॉन्ट लावायचा, हवा तो शब्द टाइप करायचा, कॉपी करून शोधाच्या चौकटीत पेस्ट करायचा. तिथे खिचडी दिसते, दिसू द्या. यासाठी एजंट रॅनसॅक नावाचं टूल वापरा. ते आधी सूची करत नाही, त्या वेळी फायली उघडून जसंच्या तसं जुळवतं. सूची करणारी टूलं चिन्हांवर शब्द तोडतात आणि या फॉन्टमध्ये अवतरणचिन्ह म्हणजेच निम्मं अक्षर, मग शब्दाचे तुकडे होतात. आणखी एक, कॅपिटल-स्मॉल वेगळं धरायचा पर्याय चालू करा. या फॉन्टमध्ये मोठं आणि छोटं इंग्रजी अक्षर म्हणजे दोन वेगळी मराठी अक्षरं. वर्डच्या फायलींवर हे झकास चालतं, पेजमेकरच्या फायलीवर भरवसा ठेवू नका.

चाळीसगाव, बँकेतून निवृत्त

सॉफ्टवेअर कशाला पाहिजे? वर्ष, मग महिना, मग विषय, असे फोल्डर करा. मला आजवर शोधायची वेळ आली नाही.

धागाकर्ता, जळगाव

काका, तुमचं मशीन तुम्ही एकटे वापरता. माझ्याकडे येतं त्या मशीनवर घरातल्या चौघांचे हात फिरलेले असतात.

साक्री, सेतू केंद्रात काम

'ओ भाऊ, मना सातबारा काढी दे ना, परवाच काढेल व्हता' हे दिवसातून किती वेळा ऐकतो, मोजलं नाही. एव्हरीथिंगशिवाय आमचं काउंटर चालायचं नाही. पण एक सांगतो, ते सर्व्हिस म्हणून, म्हणजे विंडोजच्या पाठीमागे सतत, चालू असलं की मशीनवरच्या प्रत्येक युजरच्या फायलींची नावं दाखवतं, ज्या फोल्डरला तुम्हाला परवानगी नाही त्यातलीसुद्धा. फाईल उघडत नाही, पण नाव दिसतं आणि नावातच माणसाचं नाव, आधार, सगळं असतं. स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवून शोधू नका. चार माणसं वापरतात त्या मशीनवर टाकताना विचार करा.

धुळे, अहिराणी गाणी गोळा करणारी

कानबाईची गाणी, ओव्या, म्हणी असा संग्रह करते. लिनक्सवर आहे, रिकॉल नावाचं शोधायचं टूल वापरते. आधी सगळ्या मजकुराची सूची करतं, मग वाक्यातला शब्दही क्षणात देतं आणि आजूबाजूच्या ओळी दाखवतं. लिनक्सवर फुकट, विंडोजच्या तयार आवृत्तीला थोडे पैसे घेतात. पैसे द्यायचे नसतील तर डॉकफेचर पाहा. ते फुकट, आणि पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारी) आवृत्ती कागदपत्रांसकट पेनड्राइव्हवर नेता येते. दिसायला जुनाट, कामाला चोख.

अहिराणीत एकच शब्द गावोगाव वेगळा लिहिला जातो, त्यापुढे कुठलंही टूल हतबल. मी दोन-तीन रूपं मध्ये 'ऑर' घालून एकदमच शोधते. रेकॉर्डिंगच्या आत तर शिरताच येत नाही, म्हणून फायलीच्या नावातच गाव, गाण्याचा पहिला शब्द आणि साल घालायची शिस्त लावली.

भुसावळ

गूगल डेस्कटॉप कोणाला आठवतं का? मजकूर, मेल, सगळं शोधायचं. २००४ ला आलं, २०११ ला गूगलने बंद केलं. तसं पुन्हा हातात आलं नाही. आता मॅकवर त्याचाच स्वतःचा शोध, स्पॉटलाइट वापरतो, ठीक आहे.

रावेर, केळीवाला

माझ्या फायली म्हणजे फळपीक विम्याच्या पावत्या, सातबारे, बँकेची पत्रं. निम्म्या व्हॉट्सॲपवरून आलेल्या. त्यांना नाव कोण देतो! पण व्हॉट्सॲप फोटोच्या नावात तारीख घालतं, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. फोनवरून आणली तर आकडे जोडून, कॉम्प्युटरवर उतरवली तर मध्ये आडवी रेघ. पावती कोणत्या आठवड्यात आली ते आठवलं की दोन्ही प्रकारे टाकून बघतो.

स्कॅन केलेल्या पीडीएफचं काय करावं? रिकॉल टाकून पाहिलं, कोरंच दाखवतं.

धुळे, अहिराणी गाणी गोळा करणारी

भाऊ, स्कॅन म्हणजे फोटो. त्यात अक्षरं नसतातच, ती ओसीआरने, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, काढावी लागतात. टेसरॅक्ट नावाचं फुकट ओसीआर आहे, त्याचा मराठी भाषेचा डेटा वेगळा घ्यावा लागतो. रिकॉलला ते जोडता येतं. छापील मराठी बऱ्यापैकी उचलतं, शिक्का मारलेल्या जागी गोंधळतं. हाताने लिहिलेल्यावर वेळ घालवू नका.

रावेर, केळीवाला

जोडलं. विम्याच्या छापील पावत्या येऊ लागल्या. आजोबांच्या वेळचे फेरफार हस्ताक्षरातले आहेत, त्यांना गट नंबर आणि सालाचं नाव देत बसलोय. गट नंबर इंग्रजी आकड्यात टाकतोय. मराठी आकडा आणि इंग्रजी आकडा एव्हरीथिंग एकच धरत नाही.