डॉक्टरांना व्हॉट्सॲप केल्याचे तुमचे किस्से सांगा

कृष्णाकाठची
आबांना नवा फोन घेतला. जुन्यातले फोटो काढताना ग्लुकोमीटरचा एकच फोटो नऊ वेळा सापडला. साखर ११२. मग सगळं आठवलं. २०२० चा लॉकडाऊन. आमच्या कराडच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, दर सोमवारी उपाशीपोटी तपासा, मीटरचा फोटो टाका, इकडं यायचं नाही. आबा सकाळी सातच्या ठोक्याला फोटो टाकायचे, डॉक्टरांचा अंगठा यायचा, आम्ही खूश. दोन महिन्यांनी उत्तर आलं, "आबा, साखर उत्तम. फक्त मीटरवर अजून ४ मेच दिसतेय." पैलवान माणूस, सुईला भीत होता! तुमच्याकडं काय काय झालंय?

भडंगवाला
पैलवान आणि सुईला भितोय, हाहाहा. आबांना दंडवत.

गावभागकर
२०१९ चा पूर. गच्चीवर ११ जण, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर. दादांच्या बीपीच्या गोळ्या खालच्या कपाटात, म्हणजे गेल्याच. खिशात रिकामं पाकीट तेवढं होतं, फोनला १४ टक्के. पाकिटाचा फोटो डॉक्टरांना टाकला. त्यांनी कंपनीचं नाव सोडून आतल्या औषधाचं नाव लिहून दिलं, "बोटवाल्यांना हे दाखवा, कुठल्याही कंपनीची चालेल." दुसऱ्या दिवशी गोळ्या आल्या, पण रंग वेगळा. दादा घेईनात! उरलेल्या ३ टक्क्यांत "रंगाचं काही नसतं, घ्या" एवढं डॉक्टरांकडून लिहून घेतलं, तेव्हा घेतल्या.

सुगरण_सातारा
आमच्या कपाटाला अजून त्या वर्षीची चिखलाची रेघ आहे. माहेर सांगलीवाडी.

गावभागकर
ताई, सांगलीवाडीत कुठं? आमची आत्या तिथलीच.

मिरजेची सिस्टर
दवाखान्याचा मोबाईल माझ्याकडं असतो, म्हणून हात जोडून सांगते. रात्री साडेअकराला आडवा, निम्मा कापलेला रिपोर्ट येतो आणि खाली "काय निघालं?" नाव नाही, गाव नाही. डीपीला गणपती. अशा किती गणपतींना ओळखू? नाव, वय, तारीख, पूर्ण पान, एवढं टाका हो. आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिली तर त्यावर त्यांचा नोंदणी क्रमांक बघा. फोनवरून सल्ला देण्याच्या मार्च २०२० च्या नियमांत तसं आहे. झोपेच्या काही गोळ्या चॅटवर मिळत नाहीत, त्यावरून माझ्याशी भांडू नका.

भडंगवाला
सिस्टर, माझा डीपी हनुमान आहे, चालेल का?

पाटणचा_पोरगा
आमच्याकडं रेंज फक्त देवळामागच्या कातळावर. आईचा खोकला रेकॉर्ड करून पाठवलेला. डॉक्टर म्हणाले, खोकल्यापेक्षा कोंबडाच जास्त ऐकू येतोय, घेऊन या. मग उपकेंद्रातल्या मॅडमनी ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन डॉक्टर सेवेवर, मोठ्या डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. तिथं कोंबडा नव्हता.

विटेकर वहिनी
सगळे हसताय म्हणून लिहू की नको असं झालेलं. दिरांच्या छातीत कळ आली, जाऊबाईंनी एका दवाखान्याच्या नंबरवर मेसेज टाकला आणि उत्तराची वाट बघत बसल्या. तो नंबर रविवारी बंद असतो हे कुठं लिहिलेलंच नव्हतं. तीन तास गेले. दीर वाचले, पण हृदय कमजोर झालं ते झालंच. जाऊबाई अजून स्वतःलाच बोल लावतात. अशा वेळी टायपिंग करत बसू नका, सरळ १०८ लावा.

मिरजेची सिस्टर
वहिनी, जाऊबाईंना सांगा, चूक त्यांची नाही. आमच्या नंबरवर ही पाटी उद्याच लावून घेते.

सुगरण_सातारा
माझं थोडं वेगळंच. डॉक्टरांना पाठवायचं पथ्याचं कोष्टक भिशीच्या ग्रुपवर गेलं. वजनासकट. अजून कुणी कंदी पेढा पुढं करत नाही मला.

पाटणचा_पोरगा
ते पेढे इकडं पाठवा.

कृष्णाकाठची
आबांना सगळं वाचून दाखवलं. वहिनींचं ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, "ते नऊ फोटो पुसून टाक आधी." आज सोमवार, मीटर कुठं ठेवलंय ते सांगत नाहीयेत. शोधते, मग येते.