नोकरी सोडली, पाळणाघराचे पैसे राहिले. मिळतील का?

मांजलपूरची_आई:
मकरपुऱ्याच्या एका कंपनीत चार वर्षं होते. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि फेब्रुवारीअखेर नोकरी सोडली. पाळणाघराच्या (आमच्या बडोद्याचं घोडियाघर!) पावतीवर कंपनी महिन्याला ३००० रुपयांपर्यंत द्यायची. काकूंची फी ३५००.

सप्टेंबरपर्यंतचे क्लेम वेळेवर टाकले. मग दिवाळी, मग चिरंजीवांना कांजिण्या, मग ऑडिट. ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या पाच पावत्या पर्समध्येच राहिल्या. शेवटच्या दिवशी सहाच्या ठोक्याला माझं लॉगिन बंद! एचआरवाली म्हणते, "न वापरलेली सवलत गेली." त्याआधी एप्रिल-मे बाळ सासूबाईंकडेच असायचं, ते ६००० तर मी घेतलेच नव्हते. साठलेल्या रजेचे पैसे फुल अँड फायनलमध्ये (नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात) धरलेत, मग हे का नाहीत? शिवाय मार्चची फी काकूंना आगाऊ देऊन बसलेय.

रावपुरा_आजोबा:
ताई, बत्तीस वर्षं पगार खात्यात काढली, म्हणून सांगतो. तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत कोंबल्यात.

रजा तुम्ही काम करून कमावली होती. हा परतावा, म्हणजे खर्च केलात तर भरपाई. एप्रिल-मेमध्ये खर्चच नाही, तर भरपाई कसली? ते ६००० सोडा. मार्च हा नोकरी सुटल्यानंतरचा, तो काकूंकडे मागा.

पण ऑक्टोबर ते फेब्रुवारी तुम्ही कामावर होतात आणि फी भरली होतीत. त्याला न वापरलेली सवलत म्हणत नाहीत, तो न मागितलेला परतावा. एचआर दोन्ही एकाच वाक्यात गुंडाळतं. पॉलिसीचा कागद काढून क्लेमची मुदत बघा. "शेवटच्या दिवसापर्यंतच" असं स्पष्ट लिहिलं असेल तर पंचाईत आहे. नसेल तर महिनावार तारखा आणि १५,००० चा आकडा घालून मेल टाका. फोन नको. आणि हिशेबाच्या कागदात "आता काही येणं बाकी नाही" अशी एक ओळ असते. तिच्यावर सही केलीत का?

वाघोडिया_रोड:
पाळणाघर द्यायचा कायदाच आहे ना? ठोका नोटीस!

रावपुरा_आजोबा:
जरा दमानं. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं, हे २०१७ च्या दुरुस्तीनं आलं. ती सोय आहे. नोकरी सोडताना गाठीला बांधून न्यायची रक्कम नव्हे.

अलकापुरी_मावशी:
आमची लेक एडिसनला असते, न्यू जर्सीत. तिकडे तर मुलं सांभाळण्याच्या खर्चासाठीचे पैसे आपल्याच पगारातून कापून वेगळ्या खात्यात ठेवतात, करआधी. डिपेंडंट केअर एफएसए म्हणतात त्याला. २०२५ पर्यंत एका कुटुंबाला वर्षाला ५००० डॉलरची मर्यादा होती. नोकरी सुटली आणि खर्च दाखवता आला नाही, तर आपलेच पैसे बुडाले! तिनं ऑगस्टमध्ये नोकरी सोडली, तेव्हा खात्यात ११०० डॉलर होते. तिच्या योजनेत शेवटच्या दिवसापर्यंतचाच खर्च चालणार होता, पण बिलं द्यायला पुढे ९० दिवस होते. नातवाच्या जुलैमधल्या दिवसभराच्या शिबिराचं बिल सापडलं आणि निभावलं. मुक्कामाचं शिबिर असतं तर चाललं नसतं म्हणे.

मांजलपूरची_आई:
आजोबा, सही केलेली नाही! कागद मेलमध्येच पडून आहे. पॉलिसीत "तिमाही संपल्यावर ३० दिवसांत" एवढंच आहे, नोकरी सोडणाऱ्यांबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे ऑक्टोबर-डिसेंबरचे तीन महिने माझ्याच आळसानं गेले. जानेवारी-फेब्रुवारीचे ६००० तरी मागते, बाकीचे विनंती म्हणून.

पर्स उपडी केली तर फेब्रुवारीची पावतीच नाही. काकू म्हणाल्या, "आण, मागच्या तारखेची लिहून देते." नको म्हटलं. आजची तारीख घालून दुसरी प्रत घेतली, सोबत जीपेची नोंद जोडतेय. मार्चचे ३५०० मागायचं मात्र तोंडाशी येऊन राहिलं. कांजिण्यांत त्यांनीच बाळाला सांभाळलं होतं.