पहिलं घर घेतोय, तिघांनी कर्ज देऊ केलंय. निवडू कोणाला?

किल्लीची_वाट

घर ठरलंय, बयाणा दिलाय. आमच्या दोघांच्याही घरात याआधी कोणी गृहकर्ज काढलेलं नाही, त्यामुळे विचारावं असं जवळचं माणूस नाही. तीन ठिकाणांहून होकार आलाय, मुदत तिन्हीकडे २० वर्षं.

पहिली बँक: ८.७५ टक्के फ्लोटिंग, प्रोसेसिंग फी कर्जाच्या १ टक्का.
दुसरी गृहकर्ज कंपनी: ९ टक्के फ्लोटिंग, फी नाही.
तिसरी बँक: पहिली दोन वर्षं ८.४ फिक्स्ड, नंतर "त्या वेळचा चालू दर".

नवरा म्हणतो तिसरी घेऊ, हप्ता सगळ्यात कमी बसतो. मी रात्रपाळीहून आले की वही घेऊन आकडे मांडत बसते, आणि जितकं मांडते तितकी भीती वाढते. वीस वर्षांची गोष्ट आहे. नक्की बघायचं काय?

जुनी_फाईल

ताई, मी अकरा वर्षं कर्ज मंजुरीच्या टेबलावर काढली आहेत. रोज लोक यायचे आणि एकच विचारायचे, "दर किती?" तो दर आजचा असतो. तुम्ही फेडणार २४० महिने. तेव्हा खरा प्रश्न असा की हा दर उद्या कशाच्या आधारावर बदलेल आणि तो बदलण्याचा हक्क कोणाच्या हातात आहे.

फ्लोटिंग दराचे दोन तुकडे असतात. एक पायाभूत दर, जो बाजाराबरोबर वरखाली होतो. दुसरं त्यावर लावलेलं मार्जिन. पायाभूत दरावर तुमचा इलाज नाही, पण मार्जिनवर नीट नजर ठेवा. ते कर्ज फिटेपर्यंत कायम आहे, की "संस्था वेळोवेळी बदलू शकेल" असं एक वाक्य करारात घातलंय? ते वाक्य बहुतेक वेळा मागच्या पानांवर, बारीक अक्षरात असतं. नव्या गिऱ्हाइकाला कमी मार्जिन आणि जुन्याला जास्त, हे मी माझ्याच टेबलावर होताना पाहिलंय. जुना माणूस तक्रार करायला आला की दर उतरवून मिळायचा, पण त्याची फी वेगळी. न येणारा भरत राहायचा.

आता तुमचे आकडे. पहिली आणि दुसरी यांत पाव टक्क्याचा फरक आहे. २० वर्षांना ९ टक्क्यांनी लाखामागे हप्ता ९०० बसतो, ८.७५ ला ८८४. म्हणजे महिन्याला १६ वाचतात, आणि फी लाखामागे १०००. फी वसूल व्हायला साधारण पाच वर्षं लागतात. त्याआधी घर विकलंत किंवा कर्ज दुसरीकडे नेलंत तर दुसरी स्वस्त पडली. पूर्ण वीस वर्षं राहिलात तर पहिली, अर्थात मार्जिन जागच्या जागी राहिलं तर.

तिसरीला एकच विचारा: "ज्यांची दोन वर्षं गेल्या महिन्यात संपली, ते आज किती टक्के भरतात?" तो आकडा म्हणजे तुमचा पंचविसाव्या महिन्याचा अंदाज. सांगायला टाळाटाळ झाली तर तेही लक्षात ठेवा.

सहा_वर्षांनी_कळलं

माझी गोष्ट सांगतो, म्हणजे तुमचं असं होणार नाही.

२० वर्षांचं कर्ज, ९ टक्के फ्लोटिंग. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यातून जायचा, कधी एक पैसा कमीजास्त नाही. मला वाटायचं सगळं सुरळीत आहे. सहा वर्षांनी एका कामासाठी स्टेटमेंट काढलं आणि शेवटच्या हप्त्याची तारीख बघून खुर्चीतच बसून राहिलो. चौथ्या वर्षाच्या शेवटी दर १० टक्के झाला होता. हप्ता तोच ठेवून त्यांनी मुदत ३४ महिन्यांनी लांबवली होती. माझ्या निवृत्तीच्या पुढे. पत्र आलं होतं म्हणतात, मला आठवत नाही.

त्याच कागदावर दुसरा रकाना होता शिल्लक मुद्दलाचा. सहा वर्षं न चुकता हप्ते भरून मुद्दल फिटलं होतं जेमतेम १२ टक्के. सुरुवातीच्या हप्त्यात मोठा भाग व्याजाचाच असतो हे ऐकून माहीत होतं, पण आपल्या नावाच्या कागदावर बघणं वेगळं. बायकोला सांगायला मला दोन दिवस लागले.

हप्ता ८ टक्क्यांनी वाढवून घेतला तेव्हा मुदत मूळ जागी आली. दर वाढला त्याच महिन्यात केलं असतं तर याहून कमी वाढवून भागलं असतं. म्हणून सही करण्याआधी विचारा: दर वाढला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे ठरवणार कोण? मला विचाराल ना? आणि वर्षातून एकदा स्टेटमेंट स्वतः काढा.

जुनी_फाईल

दादांनी लिहिलंय ते अगदी खरं. त्यांच्या उलट दिशेचीही एक गोष्ट आहे. ९ टक्क्यांच्या २० वर्षांच्या कर्जात दर वर्षी एक हप्ता जास्तीचा भरला तर कर्ज जवळपास साडेतीन वर्षं आधी फिटतं. म्हणून मधेच पैसे भरायला दंड आहे का, किमान रक्कम किती, वर्षातून किती वेळा, हे तिघांनाही विचारा. तुमच्याकडे दोन पगार आहेत, तुम्ही हे नक्की कराल. ज्याच्याकडे ही मोकळीक आहे तो माझ्या मते पाव टक्का महाग असला तरी बघण्यासारखा आहे.

विम्याचं बघा. मंजुरीच्या दिवशी एकरकमी हप्त्याचा विमा पुढे करतात आणि "कर्जातच धरू" म्हणतात. कर्जात धरला की त्यावरही वीस वर्षं व्याज, म्हणजे मूळ रकमेच्या दुपटीहून जास्त जाते. विमा हवाच, दोघांचाही हवा. पण तो बाहेर स्वतंत्र घेता येतो का ते आधी बघा.

आणि घराची मूळ कागदपत्रं ताब्यात देताना एकेका कागदाची यादी करून, पानांची संख्या लिहून, सही-शिक्क्याची पोच घ्या. कर्ज फिटल्यावर एक कागद सापडत नाही म्हणून महिनोन्‌महिने हेलपाटे घालणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं तोंड मला अजून आठवतं.

किल्लीची_वाट

दोघांचेही मनापासून आभार. काल सुट्टी होती, तिघांनाही एकच ईमेल पाठवला. पाच प्रश्न, आकडे घालून.

दुसऱ्या कंपनीचं उत्तर संध्याकाळपर्यंत आलं. मार्जिन कर्ज फिटेपर्यंत कायम, कराराचं कलम जोडून दिलंय. मधे पैसे भरायला दंड नाही, दर बदलला की हप्ता का मुदत हे आमच्याकडून लेखी घेणार.

पहिल्या बँकेतून फोन आला, "मॅडम, मार्जिन कोणी बदलत नाही, काळजी करू नका." मी म्हटलं, एवढंच ईमेलवर लिहून द्या. म्हणाले, तसं लिहून देता येत नाही. कराराचा नमुना मागवला, चौदाव्या पानावर ते वाक्य होतं. जुनी_फाईल ताईंनी लिहिलं जवळजवळ तेच शब्द.

तिसऱ्यांनी आकडा सांगितला: दोन वर्षं संपलेले लोक सध्या ९.६ भरतात. नवऱ्याने वही माझ्याकडून ओढून घेतली आणि पंचविसाव्या महिन्यापासूनचा हप्ता स्वतः मांडला. मग म्हणाला, दुसरीच घेऊ.

सोमवारी मंजुरीपत्र आणायला जातोय. कागदपत्रांची यादी आज रात्री दोघं बसून करणार आहोत, पानं मोजून.