सीबीएलएन१ (सेरेबेलिन-१, मेंदूतलं एक प्रथिन) चं स्टेनिंग कोरं येतंय, अँटिबॉडी गेली का?

टिळकवाडीकर:
उंदराच्या लहान मेंदूचे काप आहेत. ४% पीएफएनं (ऊतक घट्ट करणारं रसायन) परफ्यूजन, म्हणजे रक्तवाहिन्यांतून सोडून, मग रात्रभर त्यातच ठेवले, जाडी ४० मायक्रॉन, ०.३% ट्रायटॉन. व्हीग्लूट१ (सायनॅप्सची, म्हणजे चेतापेशींच्या सांध्यांची, खूण म्हणून वापरतात ते प्रथिन) झकास दिसतो, मॉलेक्युलर लेयर (लहान मेंदूचा बाहेरचा थर) भरून. सीबीएलएन१ मात्र कोरं. वेस्टर्नमध्ये (जेलवर प्रथिनं वेगळी करून घेतलेली चाचणी) त्याच अँटिबॉडीनं पट्टा येतो. प्रमाण दुप्पट केलं तर नुसता धुरळा वाढला. आणि हे कॉम्प्लिमेंटवालं (रोगप्रतिकारातली प्रथिनांची साखळी) प्रथिन ना? मग सायनॅप्स तोडतं की जोडतं?

निपाणीकर:
नवी बाटली मागवू नका की हो. अँटिबॉडी पोचतच नाही. ग्रॅन्यूल पेशी हे प्रथिन बाहेर सोडतात आणि ते सायनॅप्सच्या फटीत अडकून बसतं: एका बाजूला संदेश धाडणाऱ्या पेशीवरचं न्यूरेक्सिन, दुसऱ्या बाजूला पुर्किंजे पेशीचा ग्लूडी२ हा रिसेप्टर. फट जेमतेम २० नॅनोमीटर, त्यात रात्रभराच्या पीएफएनं सगळं गच्च शिवून टाकलेलं. ट्रायटॉन चरबीचा पडदा उघडतो, ही शिवण नाही.

पेप्सिन वापरा. ०.२ नॉर्मल एचसीएलमध्ये १ मिग्रॅ प्रति मिली, ३७ अंशांवर. आधी १, २, ४, ६ मिनिटं अशी एकेका कापावर चाचणी घ्या, मग पीबीएसमध्ये (आम्ल नसलेलं क्षारद्रावण) धुवा. आम्लाबाहेर पेप्सिन थंडावतं. ब्लॉकिंग त्यानंतर. काप ब्रशला चिकटून फाटायला लागला की वेळ जास्त झाली. द्रावण आधी कोमट करून घ्या, डिसेंबरात आपल्याकडे टेबलावर ठेवलेली नळी लगेच गार होते आणि मग तीच ४ मिनिटं पुरत नाहीत.

खानापूरवाला:
दुसऱ्या प्रश्नाचं. घराणं एक, धंदा उलटा. साम्य फक्त सी१क्यू डोमेनचं. कॉम्प्लिमेंटची साखळी हे प्रथिन चालवत नाही. खरा सी१क्यू वाढत्या मेंदूत नको असलेल्या सायनॅप्सवर खूण करतो, ते काम २००७ चं. सीबीएलएन१ नसलेल्या उंदरांत (२००५) पॅरलल फायबरचे (ग्रॅन्यूल पेशींच्या तंतूंचे) सायनॅप्स प्रचंड घटतात, स्पाइन (पुर्किंजे पेशीवरचे काटे) उघडे राहतात, उंदीर लडखडतो. अशाच प्रौढ उंदराला शुद्ध प्रथिन टोचलं तरी सायनॅप्स काही दिवसांत परत जुळतात. न्यूरेक्सिनमध्ये मात्र एसएस४ चा (स्प्लाइसिंगमध्ये कधी राहतो, कधी गळतो असा) तुकडा हवा, नाहीतर पकड नाही.

टिळकवाडीकर:
हे प्रथिन सहा-सहा रेणूंच्या गटात, दोन त्रिकं जोडून, असतं ना? वेस्टर्नमध्ये ते षट्क का दिसत नाही मग?

निपाणीकर:
एसडीएसमध्ये (प्रथिनं उलगडणारा साबण) उकळल्यावर त्रिक सुटतं. डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) न घालता चालवलंत तर दोन त्रिकांना जोडणारे डायसल्फाइड टिकतात, म्हणून दोन रेणूंची जोडी दिसेल. षट्क हवं तर नेटिव्ह जेल (एसडीएसशिवायचं), नाहीतर आधी क्रॉसलिंकर (रेणू एकमेकांना बांधणारं रसायन). आणि पेप्सिनच्या फेरीत नॉकआउटचा (सीबीएलएन१ नसलेल्या उंदराचा) एक काप असूच द्या, जास्त पचलेल्या कापावर कुठलीही अँटिबॉडी चिकटते.